विश्वासाचा शिक्का : लहान शेतकरी आणि सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या वाटा

रविवारची सकाळ. जुहू-विलेपार्ले भागातील एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या फाटकाशी भाजीचा टेम्पो येऊन थांबतो. वांगी, दुधी, गवार, पालेभाज्यांच्या जुड्या, नागलीच्या पिठाच्या पिशव्या असा माल खाली उतरतो. वाडा किंवा जव्हारकडून रात्रीच निघालेला शेतकरी तो फळकुटावर मांडतो. एक गृहिणी वांगे हातात घेऊन विचारते, "ही भाजी सेंद्रिय आहे, हे कशावरून?" शेतकरी सरळपणे सांगतो, "ताई, आमच्या शेतात औषध मारतच नाही." गृहिणी क्षणभर थांबते. शेजारच्या दुकानात याच भाजीच्या बंद पाकिटावर हिरवे चिन्ह आहे, क्रमांक आहे. शेतकऱ्यापाशी मात्र स्वतःच्या शब्दाखेरीज काही नाही.

या प्रश्नात अविश्वास नाही. घरात लहान मूल आहे, ते काय खाते याची काळजी आहे, आणि चार पैसे अधिक मोजायची तयारीही आहे. शेतकऱ्याच्या उत्तरातही लबाडी नाही. परंतु या दोघांच्या मध्ये शे-सव्वाशे किलोमीटरचे अंतर आहे, आणि ते अंतर ओलांडण्यासाठी आज कागद लागतो. हा कागद लहान शेतकऱ्याने कोठून मिळवावा, त्याच्या वाटा किती, प्रत्येक वाटेवर किती श्रम व किती खर्च, आणि अखेरीस तो कागद नेमके काय सांगतो, हे समजून घेणे शेतकऱ्याइतकेच ग्राहकाच्याही हिताचे आहे.

ओळखीचा विश्वास, अनोळखी बाजार

एके काळी साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यालगतचे एक चिंचोळे बेट असलेले जुहू हे माडांच्या वाड्यांचे, कोळीवाड्याचे आणि गावठाणाचे गाव होते. भाजी कोणाच्या मळ्यातली, नारळ कोणाच्या वाडीतले, हे विचारावे लागत नसे. पुढे उपनगर वाढले आणि वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. तरीही वसईहून पहाटेच्या गाडीने भाजी, फुले व केळी घेऊन येणारे विक्रेते उपनगरांतील घराघरांत पिढ्यान् पिढ्या ओळखीचे होते. माल वाईट निघाला तर दुसऱ्या दिवशी तोंड दाखवावे लागे. ही ओळख हीच त्या काळची हमी होती. तिला ना शिक्का होता ना शुल्क.

महानगराच्या घाऊक बाजारात ही ओळख पुसली जाते. दहा गावांचा माल एका गाळ्यावर येतो, एकत्र मिसळतो आणि शंभर दुकानांत वाटला जातो. ज्याने शेणखत, जीवामृत व निंबोळी अर्कावर पीक वाढवले त्याचा दुधी आणि ज्याने तोडणीच्या आदल्या दिवशी फवारणी केली त्याचा दुधी यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. तेव्हा भावही एकच मिळतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळल्यापासून शेतकऱ्यास शहरात थेट विक्री करणे सुलभ झाले. शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. दार उघडले, पण दारात उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला 'तू खरे सांगतोस कशावरून' हा प्रश्न उरलाच. प्रमाणीकरण म्हणजे या प्रश्नाचे रीतसर उत्तर होय.

'सेंद्रिय' या शब्दाचा अर्थ

सेंद्रिय शेतीची विद्या या भूमीला नवी नाही. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची सुप्रसिद्ध पद्धत इंदूर येथे भारतीय शेतकऱ्यांच्या अनुभवाचा अभ्यास करूनच सिद्ध केली. महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवारा'ने सामान्य शेतकऱ्यास प्रयोगशील बनविले. डहाणूच्या उत्तरेस, राज्याच्या सीमेपलीकडील उंबरगाव तालुक्यात भास्कर सावे यांची 'कल्पवृक्ष' वाडी नैसर्गिक शेतीचे तीर्थस्थान ठरली. परंतु बाजारात 'सेंद्रिय' हा शब्द आता केवळ वर्णनाचा राहिलेला नाही. तो कायद्याने बांधलेला शब्द आहे.

या शब्दामागे तीन मुख्य अटी आहेत. पहिली, कृत्रिम रासायनिक खते, कीटकनाशके, तणनाशके आणि जनुकीय बदल केलेले बियाणे यांचा वापर नसावा. दुसरी, शेजारच्या रासायनिक शेतातून वारा व पाणी यांवाटे येणाऱ्या अंशांपासून बांध, चर, झाडांची आडभिंत अशा उपायांनी संरक्षण असावे. तिसरी, आणि लहान शेतकऱ्यास सर्वांत जड वाटणारी अट म्हणजे, हे सर्व लेखी नोंदींनी दाखवता यावे. केवळ रसायन न वापरणे म्हणजे प्रमाणित सेंद्रिय शेती नव्हे. रसायन वापरले नाही हे दुसऱ्यास पटेल अशा रीतीने सिद्ध करता येणे म्हणजे प्रमाणित सेंद्रिय शेती.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ मध्ये सेंद्रिय अन्नासंबंधीचे विनियम केले. त्यांनुसार देशात 'सेंद्रिय' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालास दोनपैकी एका पद्धतीचे प्रमाणपत्र असावे लागते. एक, केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या अपेडा या संस्थेमार्फत चालणारा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. दुसरी, केंद्रीय कृषी मंत्रालयाची सहभाग हमी पद्धत. लहान शेतकऱ्याच्या साऱ्या वाटा या दोन राजमार्गांतूनच फुटतात, तर एक पायवाट त्यांच्या बाजूने जाते.

पायवाट : थेट विक्री

आधी या पायवाटेचा विचार करू. जो लहान उत्पादक किंवा उत्पादकांची संस्था आपला माल मधल्या व्यापाऱ्याविना थेट ग्राहकास विकते, तिला २०१७ च्या विनियमांत प्रमाणपत्राच्या अटीतून सूट आहे. ही सवलत लहान उत्पादकांसाठी असून तिला वार्षिक उलाढालीची मर्यादा आहे. जुहूच्या फाटकाशी स्वतः उभा राहून आपल्या मळ्यातील भाजी विकणारा शेतकरी या सवलतीत येऊ शकतो.

मात्र या सवलतीस एक कुंपण आहे. प्रमाणपत्राविना विकल्या जाणाऱ्या मालावर अधिकृत सेंद्रिय चिन्ह लावता येत नाही. शिवाय हाच माल दुकानदाराच्या हाती गेला की सवलत संपते. म्हणजे ज्या शेतकऱ्याचे ग्राहक मोजके, ओळखीचे आणि कायमचे आहेत, त्याला ही वाट पुरेशी आहे. किंबहुना ग्राहकांना वर्षातून एकदा शेतावर बोलावणे, पेरणीपासून तोडणीपर्यंतची वही त्यांच्यापुढे उघडी ठेवणे, यासारखी दुसरी हमी नाही. अमेरिकेतही वर्षाला ५,००० डॉलरपेक्षा अधिक सेंद्रिय विक्री नसलेल्या उत्पादकास प्रमाणपत्राची सक्ती नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात शेतकरी व शहरी कुटुंबे यांच्यात थेट करार करण्याची 'तेइकेई' नावाची चळवळ याच विचारातून उभी राहिली. परंतु माल वाढला, ग्राहक अनोळखी झाले, की पायवाट संपते आणि राजमार्ग शोधावा लागतो.

पहिला मार्ग : सहभाग हमी पद्धत

लहान शेतकऱ्यास सर्वांत जवळचा मार्ग हाच होय. त्याचे तत्त्व साधे आहे. गावात कोण काय फवारतो हे शहरातून आलेल्या निरीक्षकापेक्षा शेजारच्या बांधावरील शेतकऱ्यास अधिक ठाऊक असते. तेव्हा तपासणीचा अधिकार शेतकऱ्यांच्या गटालाच द्यावा आणि गटाच्या नावाची जबाबदारीही गटावरच टाकावी. २००४ मध्ये ब्राझीलमधील टोरेस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय बैठकीत या पद्धतीला जगभर ओळख मिळाली. भारतात २००६ मध्ये गोव्यात झालेल्या कार्यशाळेपासून तिची घडण सुरू झाली. पुढे केंद्रीय कृषी मंत्रालयाने गाझियाबाद येथील राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्रामार्फत ती देशभर लागू केली. हे केंद्र आता राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्र या नावाने ओळखले जाते.

पद्धतीची पावले अशी. एकाच किंवा लगतच्या गावांतील किमान पाच शेतकरी एकत्र येऊन स्थानिक गट स्थापन करतात. प्रत्येक जण आपण कोणती पथ्ये पाळू याची प्रतिज्ञा लेखी देतो आणि शेताचा पूर्वइतिहास नोंदवितो : कोणत्या गटात कोणते पीक, रासायनिक खत शेवटचे केव्हा टाकले, पाणी कोठून येते, जनावरे किती. गटाच्या बैठका होतात, त्यांची हजेरी ठेवली जाते. हंगामात गटातीलच सभासद एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात. मात्र जो आपले शेत तपासतो त्याचेच शेत आपण तपासायचे नाही, हा दंडक आहे. त्यामुळे 'तू माझे झाक, मी तुझे झाकतो' या व्यवहारास आळा बसतो. पाहणीनंतर कोणास प्रमाणपत्र द्यावे याचा निर्णय गट घेतो, आणि नेमलेली प्रादेशिक परिषद कागदपत्रे तपासून, जरूर तेथे स्वतः पाहणी करून त्यावर शिक्कामोर्तब करते. रूपांतराच्या काळातील मालास 'पी.जी.एस. ग्रीन' आणि पूर्ण सेंद्रिय मालास 'पी.जी.एस. ऑरगॅनिक' अशी दोन वेगळी चिन्हे मिळतात.

या मार्गाचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे प्रमाणपत्राचे जड शुल्क येथे नाही. कागदपत्रे मराठीत, स्थानिक भाषेत ठेवता येतात. निरक्षर सभासदालाही गटातील साक्षर सभासदाच्या मदतीने सहभागी होता येते. परंतु दोन मर्यादा ध्यानी ठेवाव्यात. हे प्रमाणपत्र देशांतर्गत बाजारापुरतेच आहे. निर्यातीस ते चालत नाही. आणि मालाची हमी तो गटाच्या ताब्यात असेपर्यंतच टिकते. गटाने बंद करून मोहोर लावलेले पाकीट ग्राहकापर्यंत तसेच पोहोचले पाहिजे. मध्येच व्यापाऱ्याने पोते सोडून माल सुटा केला की चिन्हाचा आधार तुटतो. जुहूच्या ग्राहकासाठी पिकवणाऱ्या वाडा-जव्हारच्या शेतकऱ्यास पहिली मर्यादा जाचत नाही. दुसरी मात्र रोज सांभाळावी लागते.

दुसरा मार्ग : त्रयस्थ संस्थेकडून गट प्रमाणीकरण

निर्यात करावयाची असेल, मोठ्या प्रक्रिया उद्योगास माल द्यावयाचा असेल, तर राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालील प्रमाणपत्र लागते. हा कार्यक्रम २००० साली आखला गेला व पुढील वर्षी परकीय व्यापारविषयक कायद्याखाली अधिसूचित झाला. त्याची आठवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. येथे प्रमाणपत्र देणारी संस्था शेतकऱ्याशी कोणताही हितसंबंध नसलेली, शासनाने मान्यता दिलेली त्रयस्थ संस्था असते. अशा संस्था खाजगी आहेत तशाच शासकीयही आहेत; महाराष्ट्रात बियाण्यांच्या प्रमाणीकरणाचे काम करणाऱ्या अकोल्याच्या राज्य यंत्रणेकडे सेंद्रिय उत्पादनाच्या प्रमाणीकरणाचेही काम सोपविण्यात आले आहे.

एकट्या शेतकऱ्याने हे प्रमाणपत्र घ्यावयाचे म्हटले तर निरीक्षकाचा प्रवास, दिवसाचे शुल्क, नमुन्यांची तपासणी हा सारा भार एका शेतावर पडतो. शेत एक एकराचे असो वा वीस एकरांचे, निरीक्षकाची फेरी एकच. म्हणूनच मोठ्या बागायतदारास परवडणारी ही गोष्ट लहान शेतकऱ्यास परवडत नाही. यावर तोड म्हणून उत्पादक गटाची योजना आहे. पंचवीस ते पाचशे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन एकच प्रमाणपत्र घ्यावयाचे. गट स्वतःची अंतर्गत नियंत्रण पद्धत उभी करतो : प्रत्येक शेताचा नकाशा, सभासदांची यादी, शेतदैनंदिनी, गटाने नेमलेल्या निरीक्षकाची प्रत्येक शेतावर वर्षातून दोनदा पाहणी, चूक करणाऱ्यास दंड वा निलंबन. त्रयस्थ संस्था मग सर्व शेते न पाहता ही अंतर्गत पद्धत नीट चालते की नाही हे तपासते आणि काही शेतांची नमुना म्हणून प्रत्यक्ष पाहणी करते. प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावे लागते, आणि प्रत्येक विक्रीच्या खेपेस स्वतंत्र व्यवहार प्रमाणपत्र निघते. त्यामुळे दहा क्विंटल पिकवून वीस क्विंटल विकण्याची सोय उरत नाही.

या व्यवस्थेत एक सूक्ष्म पण महत्त्वाचा प्रश्न आहे : प्रमाणपत्र कोणाच्या नावे? अनेक ठिकाणी गटाचा कागदोपत्री कारभार माल खरेदी करणाऱ्या कंपनीकडे असे आणि प्रमाणपत्रही तिच्याच हाती राही. शेतकऱ्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला माल देऊ म्हटले, की तो त्याच क्षणी 'असेंद्रिय' ठरे. तीन वर्षे पथ्य पाळले शेतकऱ्याने. फळ मात्र दुसऱ्याच्या कपाटात. आठव्या आवृत्तीत उत्पादक गटाला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व असण्यावर दिलेला भर या दृष्टीने स्वागतार्ह आहे. शेतकऱ्यांनी सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी स्थापन करून प्रमाणपत्र तिच्या नावे घ्यावे. आणि ज्यांना कंपनीमार्फतच जावयाचे आहे त्यांनी करार करण्यापूर्वी गट सोडल्यास आपले काय, हे लेखी विचारून घ्यावे.

परदेशी बाजारपेठांचे नियमही वेगवेगळे आहेत. युरोपीय संघाच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत गटाची कमाल सभासदसंख्या २,००० असून सभासदाच्या शेताच्या आकारावर वा उलाढालीवर मर्यादा आहे. अमेरिकेने २०२१ मध्ये भारताशी असलेली मान्यतेची व्यवस्था संपुष्टात आणली. तेथे माल पाठविणाऱ्यास आता अमेरिकी नियमांप्रमाणे थेट प्रमाणपत्र घ्यावे लागते. निर्यातीचे स्वप्न पाहणाऱ्या गटाने आधी देश ठरवावा, मग प्रमाणपत्र.

परंपरेने सेंद्रिय असलेल्या प्रदेशांसाठी

ज्या प्रदेशात रासायनिक खत-औषध कधी पोहोचलेच नाही, तेथील शेतकऱ्यास दोन-तीन वर्षे थांबविणे अन्यायाचे होय. हे जाणून केंद्र शासनाने मोठ्या सलग क्षेत्राच्या प्रमाणीकरणाची सोय केली. अंदमान-निकोबार बेटांतील कार निकोबार व नानकौरी येथील १४,४४५ हेक्टर क्षेत्र हे देशातील असे पहिले क्षेत्र ठरले. तेथे संपूर्ण प्रदेशाचा इतिहास तपासून रूपांतराच्या काळाविना प्रमाणपत्र देण्यात आले.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पट्ट्यातील वारली, कोकणा, कातकरी शेतकऱ्यांची वरकस जमिनीवरील नागली व वरी पाहिली, की हाच विचार मनात येतो. परंतु घाई करून चालणार नाही. भातखाचरात युरिया अनेक ठिकाणी शिरला आहे. एका गावाने युरिया टाकला तर सलग क्षेत्राची सलगता तुटते. त्याचप्रमाणे राबाचा प्रश्न आहे. भाताची रोपे तयार करण्यासाठी पालापाचोळा, शेणी, कवळ जाळून जमीन भाजण्याची ही जुनी रीत रसायनविरहित असली, तरी सेंद्रिय मानकांत काडीकचरा जाळणे शक्य तितके कमी करण्याची अपेक्षा आहे. तेव्हा परंपरा तीच सेंद्रिय असे समजून न चालता, परंपरेतील कोणती गोष्ट मानकांत बसते व कोणती हळूहळू बदलावी लागेल, याची चर्चा गटात आधीच व्हावयास हवी.

रूपांतराची कठीण वर्षे

कोणताही मार्ग घेतला तरी एका उंबरठ्यावर सर्वांना थांबावे लागते. रसायन बंद केल्यावर लगेच माल सेंद्रिय होत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली हंगामी पिकांस पेरणीपूर्वी दोन वर्षे, तर आंबा, चिकू, काजू यांसारख्या बहुवार्षिक पिकांस पहिल्या प्रमाणित तोडणीपूर्वी तीन वर्षे हा रूपांतराचा काळ मानला जातो. या काळात उत्पन्न बहुधा घटते, मजुरी वाढते, आणि भाव मात्र नेहमीचाच मिळतो. अनेक होतकरू शेतकरी नेमके येथेच थकतात.

या काळासाठी शासनाचा हात पुढे आहे. २०१५-१६ मध्ये सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेत सुमारे २० हेक्टरांचा समूह करून तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. त्यापैकी १५,००० रुपये सेंद्रिय निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात, ९,००० प्रशिक्षणासाठी, ४,५०० विक्री, वेष्टन व मूल्यवर्धनासाठी, आणि ३,००० रुपये प्रमाणीकरण व अंश तपासणीसाठी आहेत. शेवटच्या आकड्यात गटाचे महत्त्व साठवलेले आहे. एका हेक्टराचे ३,००० रुपये हाती घेऊन एकटा शेतकरी फारसे काही करू शकणार नाही. पण वीस हेक्टरांचे ६०,००० रुपये एकत्र आले, की तपासणी, नमुने, नोंदवह्या सारे जमते. महाराष्ट्रात विदर्भातील आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी २०१८ मध्ये अकोला येथे डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने जैविक शेती मिशन सुरू झाले, आणि त्याचा विस्तार पुढे राज्यभर करण्यात आला. गावातील कृषी सहायक आणि तालुका कृषी कार्यालय यांच्याकडे या योजनांची चौकशी करता येते.

प्रमाणपत्र काय सांगत नाही

प्रमाणपत्राविषयी काही गैरसमजही दूर करावयास हवेत. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ मध्ये आणि वाडा कोलम तांदळास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मानांकन मालाचे मूळ गाव सांगते, तो कसा पिकवला हे सांगत नाही. मानांकित कोलम सेंद्रिय असेलच असे नाही. उलटपक्षी सेंद्रिय प्रमाणपत्र लागवडीची पद्धत सांगते, चवीची वा ताजेपणाची हमी देत नाही.

तसेच प्रमाणपत्र शेतापाशी थांबले तर ते अपुरे ठरते. २०२० मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइडचे अंश आढळले आणि मोठी खळबळ उडाली. हे रसायन पिकावर फवारायचे नव्हे. माल निर्जंतुक करण्यासाठी काढणीनंतर वापरले जाणारे होय. म्हणजे शेतकऱ्याने राखलेले पथ्य पुढे गोदामातही मोडू शकते. ज्या गटाने स्वतःची साठवण, स्वच्छता व वेष्टन आपल्या हाती ठेवले, त्याचाच शब्द अखेरपर्यंत खरा राहतो.

निवड कशी करावी

एवढे पाहिल्यावर निवडीचे सूत्र अवघड राहत नाही. पहिला प्रश्न असावा : माल कोणास विकावयाचा? ठरलेल्या पन्नास-शंभर कुटुंबांना थेट द्यावयाचा असेल तर चोख नोंदवही आणि शेताचे उघडे दार पुरेसे आहे. शहरातील दुकानांतून, गटाच्या नावाने बंद पाकिटांत विकावयाचा असेल तर सहभाग हमी पद्धत. प्रक्रिया उद्योग वा निर्यात हे उद्दिष्ट असेल तर त्रयस्थ संस्थेचे गट प्रमाणीकरण. आणि शेत मोठे, माल एकाच मोलाच्या पिकाचा असेल तरच एकट्याचे प्रमाणपत्र.

दुसरा प्रश्न : सोबती कोण? गटातील एकाने चोरून फवारणी केली तर साऱ्या गटाचे नाव जाते. म्हणून संख्या वाढविण्यासाठी सभासद घेऊ नयेत. ज्याच्या बांधावर आपण निर्धास्त उभे राहू शकतो त्यालाच घ्यावे. तिसरा प्रश्न : वही कोण लिहिणार? पुष्कळ घरांत हे काम शाळा शिकलेली मुलगी वा सून उत्तम करते. बियाण्याची पावती, शेणखताच्या गाड्या, फवारलेल्या अर्काची तारीख, तोडणीचे वजन हे ज्या दिवशी घडले त्याच दिवशी लिहावे. तपासणीच्या आदल्या रात्री एकाच शाईने भरलेली वही निरीक्षकाला दुरूनच ओळखू येते.

आणि घाई नसावी. सहभाग हमी गटापासून आरंभ करून, शिस्त अंगी मुरल्यावर त्रयस्थ प्रमाणीकरणाकडे जाणे हा शहाणपणाचा क्रम होय. पहिल्या मार्गावर लागलेली नोंदींची सवय दुसऱ्या मार्गावर जशीच्या तशी उपयोगी पडते.

ग्राहकाचा वाटा

हमीचा हा व्यवहार एकतर्फी नाही. जुहूच्या गृहिणीने पाकिटावरील हिरवा रंग पाहून समाधान मानू नये. 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'गावरान' हे शब्द प्रमाणपत्राचे नव्हेत. अधिकृत चिन्ह आहे काय, त्यासोबत गटाचा किंवा प्रमाणपत्राचा क्रमांक आहे काय, हे पाहावे. चिन्हांची रूपे काळानुसार बदलतात. क्रमांकावरून मात्र मालाचा माग काढता येतो. फाटकाशी आलेल्या शेतकऱ्यापाशी चिन्ह नसेल तर त्याला परत पाठविण्यापूर्वी त्याच्या गटाचे नाव विचारावे, वही पाहावी, आणि जमल्यास एखाद्या रविवारी संस्थेतील चार कुटुंबांनी मिळून त्याच्या शेतावर जाऊन यावे. रूपांतराच्या काळातील 'ग्रीन' चिन्हाचा माल थोड्या वाढीव भावाने घेणारा ग्राहक तर त्या शेतकऱ्याच्या सर्वांत कठीण वर्षांत त्याच्या पाठीशी उभा राहतो. ती वर्षे निभावली तरच पुढे सेंद्रिय माल बाजारात येणार आहे.

पूर्वी वसईच्या भाजीवालीचा चेहरा हीच हमी होती. आज त्या चेहऱ्याच्या जागी क्रमांक आला आहे, आणि महानगराच्या पसाऱ्यात तो अटळही आहे. परंतु सहभाग हमी पद्धतीचा गट असो वा फाटकाशी भरणारा आठवडे बाजार, त्या क्रमांकामागे पुन्हा एक शेत, एक घर आणि एक माणूस दिसावा, हीच या साऱ्या खटाटोपाची खरी दिशा होय. "हे कशावरून?" या प्रश्नाला वाड्याच्या शेतकऱ्याने न डगमगता आपली वही पुढे करावी आणि जुहूच्या गृहिणीने ती मन लावून वाचावी, इतके घडले तरी शिक्क्याचे निम्मे काम झाले असे समजावे.